तळहातानं लावलेली गिटार

गिटारची सगळ्यात बारीक तार तुटली, तेव्हा तिचं टोक माझ्या मनगटावर फटकन बसलं आणि मी ओरडले. समोर वडील पेपर वाचत होते. माझं ओरडणं त्यांना ऐकू आलं नाही, तार तुटल्याचा आवाजही नाही. पान उलटताना त्यांची नजर वर गेली, मी मनगट धरून बसलेली दिसले, तेव्हा ते उठले.

"काय झालं गं?"

मी तुटलेली तार दाखवली. त्यांनी आधी माझं मनगट पाहिलं, त्यावर फक्त एक लाल रेघ होती. मग तार घेतली. दोन बोटांत धरून ताणून पाहिली, तुटलेलं टोक डोळ्यांजवळ नेलं.

"किती ओढलीस?"

"दोन घरं वर," मी म्हणाले. म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या दोन पट्ट्यांइतका सूर चढवला होता, पण ते त्यांना कळणं शक्य नव्हतं.

"सूत असू दे नाहीतर तार, ओढायला हद्द असते की," ते म्हणाले. तार गुंडाळून त्यांनी खिशात टाकली आणि परत पेपर उघडला.

वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात बोलणं तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे. नान्नांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. आधी ते टॉवेल विणायचे, मग जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. पत्र्याच्या एका शेडमध्ये वीस-बावीस माग एकदम चालायचे. तिथं उभं राहिलं की पायाखालची फरशी हलते. त्या खडखडाटानं त्यांचे कान नेले, एकदम नाही, थोडे थोडे करून. आधी दारावरची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग आम्हा बायकांचे आवाज. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं. आठवडाभर लावून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. "कानात कुणीतरी पिपाणी घेऊन बसलंय," म्हणाले.

मागावरची माणसं त्या आवाजात ओठ बघूनच एकमेकांशी बोलतात. त्यामुळे समोर बसून नीट बोललं तर नान्नांना पुष्कळ कळतं. पण समोर बसून बोलत होतं कोण? आई बिड्या वळता वळता मान खाली घालून बोलायची. मी सकाळी कंपनीची बस पकडायच्या घाईत. जेवलात का, गोळी घेतली का, गॅसवाला येऊन गेला का, एवढंच आमचं बोलणं उरलं होतं, आणि तेही ओरडून. ओरडून काही सांगायचं म्हटलं की माणूस कमीच सांगतो.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सूत किती ताणल्यावर तुटतं ते मोजणं हे माझं काम. गिटार मला तिथल्याच एका सहकारी मुलीकडून मिळाली. लग्न होऊन ती पुण्याला गेली, आणि जाताना म्हणाली, "माझ्याच्यानं काही होत नाही, तू बघ." मी फोनवरचे व्हिडिओ बघून शिकले. वर्षभरात दहा-बारा कॉर्ड बसवले आणि सिनेमातली गाणी वाजवू लागले. कंपनीत वाढदिवस असला की मला गिटार आणायला सांगत.

मग एक काळ असा आला की गिटार हातात घ्यायचा कंटाळा येऊ लागला. स्वतःचं काही करावं म्हणून बसले की बोटं आपली सवयीच्या जागीच जाऊन बसत. दोन सूर वाजवले की तिसरा कुठला येणार ते मला आधीच ठाऊक असायचं. जे काही सुचायचं ते आधीच कुठंतरी ऐकलेलं निघायचं. अशाच एका संध्याकाळी एका व्हिडिओत मी पाहिलं की गिटारच्या तारा नेहमीच्या सुरांतच लावल्या पाहिजेत असं काही नाही. त्या उतरवता येतात, चढवता येतात, सहाच्या सहा वेगळ्या सुरांत लावता येतात. मी सगळ्यात जाड तार थोडी उतरवली आणि सगळ्या तारा एकदम छेडल्या. पोटापर्यंत गेला तो आवाज. आणि माझ्या बोटांना तर पुढं कुठं जायचं तेच कळेना. कितीतरी दिवसांनी मला गिटारवर चुकायला मजा आली.

त्यानंतर मी वेडीच झाले. रोज तारा वेगळ्या लावायच्या. प्रयोगशाळेची सवय, म्हणून वहीत लिहूनही ठेवायची: कुठली तार कुठल्या सुरावर, किती सैल वाटते, काय सुचलं. तार तुटली तो त्यातलाच एक प्रयोग होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी नवी तार चढवत होते. नान्ना पेपर बाजूला ठेवून माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसले. बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग हात पुढं करून त्यांनी सगळ्या तारांवरून तळवा आडवा फिरवला. अगदी हलका. मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांवरून तसाच हात फिरवताना मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं.

"ही सैल हाय," बारीक बाजूनं तिसऱ्या तारेवर बोट ठेवून ते म्हणाले. "बाकी सगळ्या ताठ आणि ही एकटीच लोंबायलीय."

खरंच होतं. त्या दिवशी मी तारा सा प सा, सा प सा अशा लावत होते. म्हणजे सहा तारांत सूर दोनच, तानपुऱ्यासारखे. त्यासाठी तिसरी तार फार खाली उतरवावी लागते, आणि मग ती सैल पडून फडफडते. वहीत मी तेच लिहिलं होतं: 'आवाज छान, पण तिसरी तार निकामी.'

"राहू दे हो नान्ना, ती तशीच राहते," मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं.

मी तारा छेडल्या, आणि त्यांनी गिटारच्या लाकडावर, खालच्या गोलाईवर, पूर्ण पंजा टेकवला. त्यांची नजर जमिनीवर गेली. माग बिघडला की ते असेच उभे राहायचे म्हणे, लोखंडावर हात ठेवून, खाली बघत.

"परत मार," ते म्हणाले.

मी परत छेडलं.

"या मधल्या दोन तारा एकच हायत ना? दोघींना एकच बोलायचंय?"

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. तिसरी आणि चौथी, दोन्ही मी एकाच 'सा'वर लावल्या होत्या. मी त्यांना ते सांगितलं नव्हतं.

"हो. दोन्ही एकच आहेत."

"न्हाईत. भांडायल्यात. धक् धक् धक् धक् करायल्यात. हिकडं हाताला लागायलंय."

दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या, पण पूर्ण एका सुरात नसल्या, की त्यांच्या आवाजात एक हेलकावा येतो. फरक जास्त असेल तर भरभर, कमी असेल तर सावकाश, आणि दोन्ही जुळल्या की तो थांबतो. कानानं हे ऐकता येतं, मीही ऐकते. पण कुणी ते हातानं धरू शकेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी चौथी आणि तिसरी तार छेडत राहिले आणि तिसरीची खुंटी हळूहळू फिरवत गेले. नान्ना लाकडावर हात ठेवून बोलत होते.

"कमी झालं... अजून कमी... आता सावकाश... थांब. थांब! गेलं."

मी फोनवरचं सूर तपासणारं ट्यूनर उघडून पाहिलं. दोन्ही तारांना काटा अगदी मधोमध.

मला ते खरंच वाटेना. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई, एकदा आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. मी त्यांना डोळे मिटायला लावलं. त्यांच्या नकळत पाचवी तार केसभर उतरवली आणि छेडलं.

"आता जाडीच्या शेजारची बिघडवलीस," ते डोळे न उघडताच म्हणाले.

मी ती परत चढवली, ट्यूनरचा काटा मधोमध आणला. हिरवा दिवा लागला. परत छेडून मी त्यांचा गुडघा हलवला, त्यांनी डोळे उघडले. "आता?"

"आता बरं हाय. पण अजून हालायलंय. लई सावकाश, झोपलेल्या माणसाचं पोट हालतं तसं."

"नाही हो, आता बरोबर आहे. हे बघा, हिरवं आलंय," मी फोन त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी फोनकडं पाहिलंसुद्धा नाही. "केसभर चढव," म्हणाले.

मी चढवली. दिवा हिरव्याचा पिवळा झाला. आणि गिटार अशी वाजली की मी हात काढून घेतला. सूर बंदच होईना. पोकळ लाकडातून तो निघत राहिला, कितीतरी वेळ, सरळ, एका रेघेत. आई आतून येऊन दारात उभी राहिली. "हे काय वाजलं?" म्हणाली.

नंतर मी शोधून वाचलं तेव्हा कळलं की ट्यूनर सगळ्या सुरांना सारखं अंतर वाटून देतं, आणि त्या वाटणीत 'प' अगदी किंचित उतरलेला पडतो. एरवी कुणाच्या ध्यानात येत नाही. तानपुरा लावणारे मोठे गवई ते कानानं ओळखतात. माझ्या वडिलांनी ते तळहातानं ओळखलं होतं, ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही.

त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! सोमवारी बसमध्ये शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मी चिंचोळीपर्यंत दुसरं काही बोलू दिलं नाही. आणि अभिमानाच्या आतच एक लाजही होती, तीही सांगितली पाहिजे. त्यांच्या हातांत एवढं काही शिल्लक आहे, हे एकाच घरात राहून मला दिसलं नव्हतं. त्यांना ऐकू येत नाही म्हणजे त्यांना आवाजाशी काही देणंघेणं उरलं नाही, असं मी धरून चालले होते.

मग आमचे रविवार सुरू झाले. मी एखादी नवी जुळणी काढायची, नान्नांनी हात ठेवून ती तपासायची. आवडली नाही की ते तोंड वाकडं करायचे. त्यांची आवड ठरलेली होती. ज्यात तारा एकमेकींना धरून असतात तीच जुळणी त्यांना आवडायची. नेहमीचं, जगभर चालणारं ट्यूनिंग लावून दाखवलं तर म्हणाले, "ह्यात सहाजणी सहा घरच्या हायत. प्रत्येकीचं वेगळंच चाललंय." मी खूप हसले. पण माझा कंटाळा कुठून आला होता त्याचा थोडा उलगडाही मला तेव्हा झाला.

सा-प-सा-सा-प-सा त्यांनी सोडलं नाही. पण तिसरी तार लोंबतच होती.

"जाड तार घाल की तिथं," एक दिवस ते म्हणाले.

"पण ती जागा बारीक तारेची आहे."

"कुणी सांगितलं? एवढ्या कमी ताणावर बारीक सूत लोंबणारच. जाड घातलं तर तेच बोलायला जास्त ताण लागतोय, मग नीट बसतंय. तू सुताच्या गिरणीत काय शिकलीस?"

सूत आणि ताण यांचा हिशोब मी रोज आठ तास करते, आणि घरी येऊन लोंबणाऱ्या तारेला निकामी म्हणत होते. मी चौथ्या तारेच्या जाडीची आणखी एक तार आणली. ती दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचेत बसेना, खाच बारीक तारेच्या मापाची होती. नान्नांनी कपाटाखालून आपली जुनी हत्यारांची पेटी ओढली, त्यातली सगळ्यात बारीक कानस काढली आणि चष्मा नाकावर आणून ती खाच घासायला बसले. दोन वेळा घासायचं, फुंकर मारायची, तार ठेवून बघायची. मला तर भीतीच वाटत होती. तासभर लागला. तार अशी बसली की जणू गिटार तशीच बनवून आणली होती.

आता मधोमध शेजारी शेजारी दोन सारख्या तारा होत्या, सारख्या जाडीच्या, सारख्या सुराच्या. एकीवर चाल वाजवायची आणि दुसरी मोकळी ठेवायची, की मोकळी सतत 'सा' देत राहते. मला आठवड्याभरात तीन चाली सुचल्या. त्या कशासारख्या आहेत ते मला सांगता येईना, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त आनंद होता.

पण आमच्या हाती लागलेली खरी नवी गोष्ट त्यानंतरची, आणि ती चुकून लागली. एका रविवारी मी छेडत होते आणि नान्ना स्वतःच खुंटी फिरवत होते. तोवर त्यांना खुंट्याही सवयीच्या झाल्या होत्या. डावा हात खुंटीवर, उजवा लाकडावर. तिसरी तार उतरलेली होती. मी दोन्ही मधल्या तारा छेडत राहिले आणि ती वर येऊ लागली. आधी खरखर, मग भरभर हेलकावे, मग सावकाश, आणखी सावकाश, आणि मग एकदम सगळं शांत, एकच सूर. मी छेडायची थांबले.

"नान्ना, हे परत करा."

"लागली की तार. आता काय?"

"उतरवा आणि परत आणा. हेच वाजवायचं."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत सांगितलं की लोक तारा लावून झाल्यावर वाजवायला लागतात, आपण तारा लावणंच वाजवायचं. मी छेडणार, तुम्ही खुंटी फिरवणार. दोघांनी मिळून एक गिटार. त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे भांडण सुटेपर्यंतचं," म्हणाले. "हो," मी म्हणाले.

ती रचना बसवायला आम्हाला दोन महिने लागले. सुरुवात तिसऱ्या तारेच्या भांडणानं. ते मिटलं की माझी चाल. मध्ये नान्ना दुसरी तार 'प'वरून 'म'वर उतरवतात, मी वाजवत असतानाच, आणि त्याच चालीचा रंग पालटतो. शेवटी सगळ्या तारा परत घरी. ताल आम्ही नजरेनं धरायचो. माझी हनुवटी हलली की त्यांनी खुंटी धरायची. आई बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन ऐकत बसायची आणि कधी कधी म्हणायची, "मघाचं चांगलं होतं, आत्ता घाई केलीत." तिचंही बहुतेक वेळा बरोबर असायचं.

कंपनीचं स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा मी नाव दिलं. दोघांचं. नान्नांना सांगितलं तर ते चिडले.

"मला काय ऐकू येतंय? हजार माणसांपुढं बहिऱ्याला बसवणार? हसतील लोक."

"तुम्ही नसलात तर ते वाजतच नाही."

"मग वाजवू नको."

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी आईनं त्यांचा पांढरा शर्ट धुऊन, इस्त्री करून खुंटीला अडकवला आणि एवढंच म्हणाली, "पोरगी चांगलं वाजवते, पण तुमच्याशिवाय तिला भांडण सोडवता येत नाही." नान्नांनी शर्टाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बटन तुटलंय वरचं," म्हणाले. आईनं बटन लावलं.

कार्यक्रम कॅन्टीनच्या शेडमध्ये होता. दुपारचं ऊन, वर पत्रा, पंखे गरम हवा फेकत होते. आमच्या आधी पॅकिंगमधल्या मुलांनी जोरदार नाच केला होता. आम्ही दोन खुर्च्या जवळ लावून बसलो. नान्नांनी लाकडावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मी मधल्या दोन तारा छेडल्या.

माइकमधून तो आवाज मोठा होऊन आला, खरखरीत, बेसूर. मी छेडत राहिले. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. सूत्रसंचालन करणारा तरुण अधिकारी अदबीनं पुढं आला आणि माइकवर म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधी ट्यून करून घ्या, काही घाई नाही. आम्ही थांबतो." सगळे हसले.

माझे हात थांबले. नान्नांना हसणं ऐकू आलं नसेल, पण त्यांनी त्या अधिकाऱ्याचे ओठ वाचले होते आणि माणसांचे चेहरे पाहिले होते. मला वाटलं आता ते उठून जाणार. ते माइककडं वाकले आणि स्वतःचा आवाज स्वतःला न ऐकू येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यांदा बोलले.

"तेच करायलोय की आम्ही! थांबलाय तर बघा आता."

पुन्हा हसणं झालं, पण या वेळचं वेगळं होतं. मागून कुणीतरी "बघू या!" म्हणून ओरडलं. नान्ना माझ्याकडं वळले. "मार," म्हणाले.

मी छेडलं. त्यांनी खुंटी धरली. घरी आम्ही कधी एवढं सावकाश केलं नव्हतं. धक् धक् धक् धक् असा तो हेलकावा माइकमधून सगळ्या शेडमध्ये पसरला, पत्र्यालाही लागला असावा. मग तो लांबू लागला. पुढच्या रांगेतली कुजबुज थांबली. आणखी लांबला. माणसं आता त्याच्याबरोबर वाट बघत होती, मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. नान्नांची बोटं हलताना दिसतसुद्धा नव्हती. आणि सूर एक झाला. सूत्रसंचालक अजून मंचाच्या कडेलाच उभा होता, त्याच्या तोंडून माइकमध्ये स्पष्ट "अरे वा!" निघालं.

पुढं माझी चाल चांगली झाली, 'म'वर उतरणं तर फारच चांगलं झालं. पण खरं सांगायचं तर मला त्यातलं थोडंच आठवतं. मला आठवतो तो नान्नांचा चेहरा. माग सुरळीत चालू करून दिल्यावर हात पुसत मागं सरकणाऱ्या कारागिराचा चेहरा होता तो. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "संपलं ना नीट?" मी मान हलवली. मग त्यांनी समोर हलणारे सगळे हात पाहिले आणि दोन्ही हात जोडले.

आम्ही खाली उतरलो तेव्हा सूतकताईच्या खात्यातले एक वयस्क कामगार आमच्याकडं आले. त्यांना मी ओळखत होते, तेही मोठ्यांदाच बोलतात. नान्नांना म्हणाले, "तुमी हात ठिवून काय बघत होता?"

नान्नांनी त्यांचा हात धरला आणि गिटारवर ठेवला. मला म्हणाले, "मार. थोडी बिघडवून मार."

मी तिसरी तार जरा उतरवून छेडली. त्या कामगाराचा चेहरा हळूहळू उजळला. "व्हय की! हाताला लागतंय!" ते आपल्या जोडीदाराला हाका मारू लागले. बघता बघता पाच-सहा जण जमले, सगळे मशीनवर केस पिकवलेले, सगळ्यांची ऐकण्याची बोंबच. एकेकानं हात ठेवला. नान्ना त्यांच्या मधोमध उभे होते आणि सांगत होते, "घाई करू नका. हात दाबू नका, नुसता ठेवा. आता भांडायल्यात. आता बघा, सुटायलंय, सुटायलंय..." आणि हेलकावा थांबला की ते सगळे एकदम मान वर करून एकमेकांकडं बघायचे. जेवणाची रांग संपून गेली तरी त्यांतला कुणी हलेना. माझी बोटं दुखायला लागली होती, मी थांबले नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, कसं झालं. नान्नांनी तिला अर्धा तास सांगितलं. अर्धा तास! त्या घरात किती वर्षांनी त्यांनी एवढं सलग बोलावं, आणि आई सूप बाजूला ठेवून, त्यांच्याकडं तोंड करून बसली होती.

आता दर रविवारी त्या कामगारांपैकी दोघं-तिघं आमच्या घरी येतात. नान्नांनी मला सांगून एक दुसरी, जाड पोटाची जुनी गिटार मागवून घेतली आहे, तिच्यावर ते स्वतःच्या जुळण्या काढतात. त्यातली एक अशी आहे की मी कधीच केली नसती: पाच तारा एकाच सुरावर, काही खालच्या सप्तकात, काही वरच्या, आणि एकटी दुसरी तार जरा बाहेर. "एकजण रुसलेली पाहिजे," ते म्हणतात, "नाहीतर हाताला काही लागत नाही." सध्या मी ती जुळणी घेऊन बसले आहे. अवघड आहे, पण काहीतरी येतंय.

मागच्या महिन्यात मी त्यांना कान तपासायला घेऊन गेले. मशीन नव्या प्रकारचं आलं आहे, शिट्टी मारत नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं. दवाखान्यात काउंटरवरची मुलगी फॉर्म भरून घेत होती. नाव झालं, वय झालं. मग तिनं मान वर करून विचारलं, "आजोबा, काम काय करता?"

मी 'निवृत्त' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिचे ओठ त्यांनी वाचले होते.

"गिटार लावतो," ते म्हणाले.

मोठ्यांदाच म्हणाले. बाकावर बसलेली सगळी माणसं वळून बघू लागली. मुलीनं माझ्याकडं पाहिलं, हे खरं का, अशा नजरेनं.

"तेच लिहा," मी म्हणाले.